काटकसर, जी दुपटीनं परत येते
बीजमाता राहीबाई पोपेरे यांना खुलं पत्र

आदरणीय राहीबाई,



शाळेचं तोंड आपण पाहिलं नाही, हे तुम्ही मोठमोठ्या व्यासपीठांवरून सरळ सांगत आलात. म्हणून हे पत्र घरातलं कुणी, नाहीतर शाळेत जाणारं एखादं पोर तुम्हाला वाचून दाखवेल असं धरून लिहिते आहे. वाचताना ते शेजारच्या चार बायांच्याही कानावर पडावं आणि तुमच्या कोंभाळणे गावापासून लांब, शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्यांनीही वाचावं, म्हणून ते उघडं ठेवलं आहे.

तुमचा सन्मान पुष्कळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांनी तुम्हाला बीजमाता म्हटलं आणि तेच नाव लोकांच्या तोंडी बसलं. 2018 मध्ये बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत तुमचं नाव घेतलं. 2019 च्या महिला दिनी तुम्हाला नारीशक्ती पुरस्कार मिळाला. 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि नोव्हेंबर 2021 मध्ये राष्ट्रपती भवनात तुम्ही ती स्वीकारली. त्या दिवशी अनेक घरांत टीव्हीसमोर बसलेल्या बायांना वाटलं की आपल्यातलंच कुणीतरी तिथं पोचलं आहे.

या सगळ्या कौतुकात तुम्ही राखलेल्या बियाण्यांची मोजदाद झाली. 50 हून अधिक पिकं, त्यांची 100 वर वाणं, हे आकडे बातम्यांत आले. ते बियाणं ज्या जगण्यातून साठलं, त्या जगण्याबद्दल मात्र थोडकंच बोललं गेलं. जे बोललं गेलं तेही ठरीव शब्दांत: कष्टाळू, काटकसरी, साधी. बाईच्या बाबतीत हे तीन शब्द आपण फार सहज वापरतो. कष्टाळू म्हटलं की तिच्या कष्टाची मजुरी विचारावी लागत नाही. काटकसरी म्हटलं की तिच्या वाट्याला काय आलंच नाही, याची चौकशी करावी लागत नाही. साधी म्हटलं की तिचं मत विचारायची गरज उरत नाही. मलाही तुमच्या याच तीन गुणांबद्दल लिहायचं आहे, पण त्यांचा पूर्ण मान ठेवून.

तुमचा जन्म 1964 चा, अकोले तालुक्यातल्या महादेव कोळी कुटुंबातला. हा तालुका शहरातल्या लोकांना कळसूबाईमुळे आणि भंडारदऱ्यामुळे माहीत असतो. राज्यातलं सगळ्यांत उंच, 1646 मीटरचं शिखर इथं आहे. पावसाळ्यात धबधबे पाहायला गाड्यांची रांग लागते. पण त्याच तालुक्यातल्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर होळी सरली की बायांच्या डोक्यावर हंडे चढतात. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं आणि त्याचं पाणी कालव्यांनी खाली उतरलं. त्या पाण्यावर खालच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला, सहकारी साखर कारखाने उभे राहिले, जिल्ह्याचं नाव झालं. डोंगरात पडणारा पाऊस खाली गेला आणि पावसाळा संपला की डोंगरातली माणसंही कामासाठी खाली गेली. तुमचं कुटुंबही पावसाळ्यात आपली कोरडवाहू जमीन कसायचं आणि उरलेलं वर्ष साखर कारखान्याच्या कामावर मजुरी करायचं. तुमच्या कष्टांबद्दल बोलताना हा भूगोल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्या कष्टांत तुमचा स्वभाव होता, तसंच पाण्याचं वाटपही होतं.

काटकसरीचंही असंच आहे. एक काटकसर परिस्थिती लादते. हातात पैसा नाही म्हणून लुगड्याला ठिगळ लावायचं, तेल थेंबानं मोजायचं, आजारपण अंगावर काढायचं. ती कुणी निवडत नाही आणि तिचे गोडवे गाण्याचा हक्क, जिला ती सोसावी लागली नाही अशा माझ्यासारखीला नाही. पण दुसरीही एक काटकसर असते, आणि ती तुम्ही निवडलीत. हाताशी आलेलं चांगलं लगेच संपवायचं नाही, त्यातलं उत्तम ते पुढच्यासाठी राखायचं. हे पत्र त्या दुसऱ्या काटकसरीबद्दल आहे.

बी राखणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. वेलाला सुरुवातीच्या बहरात भरदार, निरोगी शेंगा येतात. बाजारात त्याच शेंगांना चांगला भाव येतो. घरातल्या पोरांच्या ताटात त्याच पडाव्यात असं कुठल्याही आईला वाटेल. बी राखणारी बाई नेमक्या त्याच शेंगांना कुणाला हात लावू देत नाही. चांगला वेल हेरून ठेवते, त्याच्या निवडक शेंगा वेलावरच पिकू देते, वाळू देते. घरात शिजतं ते उरलेलं. ज्या घरात पोटभर भाजी हीच चैन आहे, त्या घरात उत्तम ते न खाता ठेवणं ही लहान गोष्ट नाही. कृषी विद्यापीठात शिकवतात त्या निवड पद्धतीचं मूळ याच संयमात आहे. दर हंगामी चांगल्यातून चांगलं निवडत गेलं की पन्नास वर्षांनी त्या मातीला, त्या पावसाला, त्या थंडीला सरावलेलं वाण हाती राहतं.

नंतरचं कामही वेळखाऊ आहे. शेंगा सोलायच्या, सुपात पाखडायच्या, दाणा दाणा पाहायचा. किडका बाजूला, सुरकुतलेला बाजूला, रंग बदललेला बाजूला. ऊन द्यायचं. दाताखाली धरून कट् आवाज आला की वाळलं, नाहीतर आणखी ऊन. मग राखेत घोळवून मडक्यात भरायचं आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं. राख दाण्यांमधली पोकळी भरून टाकते, ओल शोषते आणि कडधान्यातल्या भुंग्याला दाण्यांमधून फिरू देत नाही. चुलीतून फुकट निघणारी, भांडी घासून उरलेली राख वर्षभराच्या पेरणीचं रक्षण करते. दुधी, दोडका यांची बियाण्यासाठी राखलेली फळं आपल्याकडच्या बाया आढ्याला टांगून ठेवत आल्या, मक्याची कणसं चुलीवर धूर लागेल अशी बांधत आल्या. या सगळ्यात दुकानातून आणावं लागेल असं काहीही नाही. लागतं ते लक्ष, आणि ते रोज द्यावं लागतं.

शिवाय हे लक्ष जाणत्याचं असावं लागतं. वालाचं, घेवड्याचं फूल बहुतांशी आपलं आपण फळतं, त्यामुळे त्याचं वाण तसंच्या तसं टिकवणं जरा सोपं. भोपळा, दुधी, दोडका, काकडी यांचं तसं नाही. एकाच पिकाच्या दोन जाती शेजारी लावल्या तर मधमाशी एकीचे परागकण दुसरीवर नेते आणि पुढच्या वर्षी वेलाला भलतंच फळ लागतं. म्हणून काय कुठं लावायचं, कशापासून किती लांब, कुठल्या वेलाचं बी धरायचं आणि कुठल्याचं सोडायचं, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. वालाचेच कितीतरी प्रकार: पांढऱ्या फुलाचा, जांभळ्या फुलाचा, चपट्या शेंगेचा, बुटक्या शेंगेचा, लवकर येणारा, उशिरापर्यंत टिकणारा. तुम्ही ते दाण्यावरून ओळखता. ही ओळख कुठल्या वहीत उतरलेली नव्हती. तुमच्या नजरेत आणि बोटांत होती.

तुमच्या जन्मवर्षाचा आणखी एक धागा मला महत्त्वाचा वाटतो. त्याच 1964 साली देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण, सीएसएच-1, शेतकऱ्यांसाठी बाहेर पडलं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेड्यांत हायब्रीड हा शब्द घरोघरी पोचला. या बियाण्यानं धान्याची तूट असलेल्या काळात पोतीच्या पोती पिकवली आणि 1972 च्या दुष्काळानंतर कितीतरी घरांत भाकरी दिसली ती त्याच ज्वारीची. त्याचं श्रेय नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण संकरित बियाण्याचा एक स्वभाव असतो. पहिल्या पिढीत ते जोमानं वाढतं, एकसारखं येतं. त्याच पिकाचं बी धरून पुन्हा पेरलं तर पुढची पिढी विस्कटते, कुठलं ताट उंच, कुठलं बुटकं, दाणाही तसाच उतरत नाही. म्हणून दर हंगामाला नवीन पिशवी विकत आणावी लागते. पिकाआधी रोख पैसा लागतो. रोख नसली की उधारी, उधारी नसली की सावकार. मृगाच्या तोंडावर ज्या घरात राखेतलं बी आहे त्या घराला पेरणीसाठी कुणाचं दार वाजवावं लागत नाही. ज्या घरात नाही, त्या घराचा हंगाम कर्जानं सुरू होतो.

यात आणखी एक बदल झाला आणि त्याची नोंद फार थोड्यांनी घेतली. बी घरात होतं तोवर पेरायचं काय याचा निर्णय घरातल्या जाणत्या बाईला विचारल्याशिवाय होत नसे, कारण मडकी तिच्या ताब्यात होती. कुठलं बी यंदा पुरेल, कुठलं जुनं झालं, शेजारणीकडून काय मागून आणायचं, हे तिला ठाऊक. बी दुकानात गेलं आणि दुकानात पुरुष गेले. पाकिटावर काय छापलं आहे हे वाचता येणारा शहाणा ठरला आणि न वाचता येणारी म्हातारी एका हंगामात अडाणी झाली. तिचं ज्ञान चुकीचं ठरलं नव्हतं, त्याची कुणाला गरज उरली नव्हती. तुम्ही मडकी पुन्हा भरलीत तेव्हा बियाण्याबरोबर घरातल्या त्या बाईचा शब्दही परत आणलात. तुमच्या कामातलं मला हे सगळ्यांत मोठं वाटतं.

या कामाची सुरुवात कशी झाली, तेही तुम्ही अनेकदा सांगितलं आहे. घरातलं नातवंड आजारी पडलं आणि फवारलेल्या भाज्यांकडे तुमचा संशय गेला. आपल्या लहानपणी खाल्लेलं अन्न आणि आता ताटात येणारं अन्न यांत काय बदललं, याचा तुम्ही विचार केलात आणि उत्तर बियाण्यापाशी येऊन थांबलं. शहरातली आजी अशा वेळी डॉक्टर बदलते, भाजीवाला बदलते. तुम्ही परसात गेलात. गावोगावच्या म्हाताऱ्या बायांकडे गेलात, कुणाकडे कुठला वाल आहे, कुणाच्या कणगीत जुना भात आहे, हे विचारत फिरलात. अशा वेळी मूठभर बी मागणं म्हणजे समोरच्या बाईला तिच्याकडे मागण्यासारखं काही आहे याची जाणीव करून देणं. ज्यांना कुणी काही विचारत नव्हतं, त्यांच्या दारात तुम्ही विचारायला गेलात.

आणि जमवलेलं तुम्ही धरून ठेवलं नाहीत. तुमची देण्याची रीत आता सगळ्यांना माहीत आहे: बी घेऊन जा, पेरा, पीक आलं की नेलं त्याच्या दुप्पट परत आणून द्या. पैशातली काटकसर पेटीत जाते आणि पेटीला कुलूप लागतं. तुमच्या काटकसरीला कुलूप लावता येत नाही. बी मडक्यात पडून राहिलं तर दोन-चार वर्षांत त्याची उगवण कमी होत जाते, शेवटी ते नुसते दाणे उरतात. ते जगवायचं तर मातीत घालावं लागतं, आणि जास्तीत जास्त ठिकाणी जगवायचं तर दुसऱ्याच्या मातीत घालावं लागतं. एका वाडीत गारपीट झाली, एका घरात उंदरांनी मडकं फोडलं, तरी ते वाण दुसऱ्या वाडीत उभं असतं. तुमच्याकडून नेलेल्या मुठीत विश्वास असतो आणि परत आलेल्या दोन मुठींत तो खरा ठरलेला असतो. व्याजाचा हा एकच प्रकार मला माहीत आहे, ज्यात घेणाराही वर येतो आणि देणाराही.

तुमच्या काटकसरीचं आणखी एक अंग पाण्याचं आणि मातीचं. पडीक जमीन हाताखाली आणून तिच्यात तुम्ही भाजीपाला घेतला, परसात कोंबड्या पाळल्या, पावसाचं पाणी साठवायला जलकुंड केलं. जलकुंड म्हणजे डोंगरउतारावरचा अस्तर लावलेला खड्डा. पाऊस भरून देतो ते पाणी वाहून जाऊ न देता राखायचं आणि पुढं तांब्यातांब्यानं वेलांना द्यायचं. भातासाठी तुम्ही चारसूत्री पद्धत शिकलात. भाताचा पेंढा आणि तुसाची राख शेतातच परत घालणं, गिरिपुष्पाच्या पाल्याचं हिरवळीचं खत, मोजक्या अंतरावर मोजकी रोपं लावणं आणि खताच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोल खोचणं, ही ती चार सूत्रं. शेतातलं शेतात परत द्यावं आणि बाहेरून आणलेला कण वाया जाऊ देऊ नये, हे त्यांचं सार. तुमच्या घरातली रीत आणि कृषिशास्त्रज्ञांची शिफारस इथं एकमेकींच्या जवळ आल्या आणि तुम्ही शिफारशीला परकं मानलं नाहीत.

तुमच्या नम्रतेबद्दल बोलायचं ते इथंच. नम्र बाई म्हणजे मान खाली घालून गप्प बसणारी, अशी आपली समजूत आहे. तुम्ही गप्प बसलेल्या नाही. विद्यापीठांच्या सभागृहांत, अधिकाऱ्यांसमोर, शास्त्रज्ञांसमोर तुम्ही आपल्या बोलीत ठाम बोलता. तरीही तुम्ही नम्र आहात, कारण पन्नाशीच्या आसपासही तुम्ही शिकायला तयार होता. बाएफ ही संस्था तुमच्या गावात आली, तिच्या कार्यकर्त्यांनी तुमच्या मडक्यांची किंमत ओळखली, नोंदी कशा ठेवायच्या, बियाणं शास्त्रीय पद्धतीनं कसं साठवायचं, वाण वेगळं कसं राखायचं, हे सांगितलं. या संस्थेची स्थापना 1967 साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला केली. गांधीजींनी हाती दिलेलं काम सोडायचं नाही, म्हणून ते आयुष्यभर त्या गावात राहिले. अशा संस्थेतल्या शिकलेल्या माणसांनी निरक्षर बाईकडून शिकावं आणि त्या बाईनं त्यांच्याकडून शिकावं, ही दोन्ही बाजूंची नम्रता आहे. एका बाजूची असती तर बियाणं एक तर मडक्यातच राहिलं असतं, नाहीतर प्रयोगशाळेच्या शीतपेटीत गेलं असतं. दोन्ही बाजूंची होती म्हणून कळसूबाईच्या परिसरातल्या बाया एकत्र आल्या, बियाणं संवर्धनाची समिती उभी राहिली, गावात बियाण्यांची बँक आली.

तुमच्यावरचा तीन मिनिटांचा लघुपट 2019 मध्ये कान महोत्सवाच्या काळात गौरवला गेला. जगभरातल्या लोकांनी तुमचा चेहरा पाहिला. एवढं सगळं झाल्यावर माणूस स्वतःबद्दल बोलायला लागतं. तुमच्या मुलाखती ऐकताना जाणवतं, की प्रश्न तुमच्याबद्दल असला तरी उत्तर चौथ्या वाक्यापर्यंत वालापाशी, नाचणीपाशी, काळभातापाशी जातं. मला ही नम्रतेची खूण वाटते. कामाचं माप आपल्याला कळलं की आपलं माप आपोआप कळतं, आणि ते ना वाढवावं लागतं ना कमी करावं लागतं.

राहीबाई, आता थोडं तुमच्या निमित्तानं इतरांशी बोलते. खुल्या पत्राला ती मोकळीक असते.

माझ्यासारख्या शहरी वाचकांना तुमचं साधेपण आवडतं, कारण ते आमच्याकडे काही मागत नाही. आम्ही तुमचा फोटो पाहतो, हात जोडतो, मुलांना दाखवतो आणि मग फ्रीजमधली पालेभाजी सडली म्हणून कचऱ्यात टाकतो. आमच्या घरांतही आजी होत्या. उकडलेल्या डाळीचं पाणी कटासाठी ठेवणाऱ्या, दुधाच्या भांड्याची खरवड पोरांना देणाऱ्या, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या. त्यांचं ते वागणं आम्ही गरिबीची सवय म्हणून मागं टाकलं. त्यातला गरिबीचा भाग खरंच मागं टाकायचा होता. पण वस्तूला शेवटपर्यंत वापरायचं, अन्नाला अन्न म्हणून वागवायचं, संपण्याआधी पुढचं राखायचं, ही शिस्त गरिबीबरोबर फेकून देण्यासारखी नव्हती. हवामानाचा ताल बिघडलेल्या, पाऊस एका दिवसात महिन्याचा पडून मग महिनाभर तोंड न दाखवणाऱ्या काळात ती शिस्त आम्हाला पैशापेक्षा जास्त उपयोगी पडणार आहे.

शासनाला आणि कृषी विद्यापीठांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. देशात 2001 साली पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. त्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचं लेबल न लावता विकण्याचाही हक्क दिला. जगात फार थोड्या देशांनी हा हक्क इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. पण हक्क कागदावर असून भागत नाही, तो वापरता येईल अशी गावात जागा लागते. बियाणं बँकेला सुकी खोली, उगवण तपासायची सोय, हंगामाआधी वाटपासाठी थोडा पैसा आणि जाणत्या बाईला तिच्या वेळेचं मानधन. राहुरीचं कृषी विद्यापीठ तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या प्रत्येक कृषी पदवीधराला एक हंगाम अशा बाईच्या हाताखाली शिकायला मिळावा, आणि तिची गणना पाहुण्यांत न होता शिक्षकांत व्हावी.

दुसरी गोष्ट जमिनीची. शेतातलं लावणी-निंदणी-काढणीचं बहुतेक काम बाया करतात, बी त्या राखतात, आणि सातबाऱ्यावर बहुधा त्यांचं नाव नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीत पुरुषांना आवाहन केलं होतं, की जमिनीचा तुकडा घरातल्या लक्ष्मीच्या नावावर करा. अनेकांनी तो केला आणि त्याहून कितीतरी जणांनी केला नाही. ज्या बाईच्या काटकसरीवर घर तगलं तिच्या नावावर मातीचा एक गुंठाही नसेल, तर तिच्या गुणांचं कौतुक आपण कुठल्या तोंडानं करतो? म्हातारपणी तिला औषधासाठी मुलाकडे हात पसरावा लागत असेल, तर तिच्या साधेपणाला साधेपणा म्हणायचं की नाइलाज, याचा विचार करायला हवा. तुमच्यासारखीचा खरा आदर करायचा तर लादलेली काटकसर बायांच्या आयुष्यातून जायला हवी आणि निवडलेली काटकसर आपल्या सगळ्यांच्या आयुष्यात यायला हवी.

तुम्ही एकट्या नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुम्ही ज्यांच्या दारात बी मागायला गेलात त्या बायांची नावं कुठल्या बातमीत आली नाहीत. जव्हारच्या पाड्यांवर, मेळघाटात, गडचिरोलीच्या जंगलालगत, कोकणात खाचरांच्या बांधावर, मराठवाड्यात हुरड्याची ज्वारी राखणाऱ्या घरांत अशा बाया आहेत. त्या साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या कणगीत काय आहे हे त्यांच्याच नातवंडांना माहीत नाही. एक बाई गेली की तिच्याबरोबर एखादं वाण जातं, ते पेरायचं कधी, शिजवायचं कसं, कुठल्या जमिनीत ते रुसतं, ही सगळी माहिती जाते. ही हानी कुठल्या पंचनाम्यात धरली जात नाही.

म्हणून या पत्राच्या शेवटी मी तुमचीच अट स्वतःला आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला घालते आहे. तुमच्याकडून नेलेलं दुपटीनं परत करायचं असतं. आम्ही तुमच्याकडून एका कष्टाळू, काटकसरी, नम्र आयुष्याची गोष्ट नेली, तिच्यावर लेख लिहिले, भाषणं केली, पोरांच्या पुस्तकांत धडे घातले. आता परतफेड करायची आहे. प्रत्येकानं आपल्या गावातल्या, आपल्या नात्यातल्या निदान दोन म्हाताऱ्या बाया शोधायच्या. त्यांच्यापाशी बसायचं, त्यांनी काय काय राखलं ते विचारायचं, त्यांच्या तोंडून ऐकून त्यांच्या नावानिशी लिहून काढायचं, बी असेल तर मूठभर मागून पेरायचं आणि पीक आल्यावर त्यांना नेऊन द्यायचं. आणि त्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे का, हेही त्याच बैठकीत विचारायचं. मी माझ्या आजोळच्या गावापासून सुरुवात करते आहे. तिथल्या दोघींची नावं मी आजच वहीत लिहिली आहेत.

तुमच्या तब्येतीला आणि तुमच्या मडक्यांना आयुष्य लाभो.

आपली कृतज्ञ,
तुमच्याकडून शिकणारी एक लेखिका